सुभेदाराचं पोट आणि माझा चहा

घरकामात बायकोला हातभार लावावा असं प्रत्येक नवऱ्याच्या मनात कधी ना कधी येतं. अशा वेळी स्वस्थ पडून राहावं. थोड्या वेळानं ते आपोआप जातं. माझी चूक एवढीच झाली, की त्या रविवारी सकाळी मी पडून न राहता उठलो.

सीमंतिनी, म्हणजे आमची ही, जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाकून सुभेदाराच्या शीचा वाळूचा ट्रे साफ करत होती. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात झारा. (हा झारा स्वयंपाकघरातून कायमचा निवृत्त झालेला आहे. आमच्याकडे जेवून गेलेल्यांनी मनात शंका आणू नये.) तिच्या कमरेतून कट् असा आवाज आला आणि माझ्या तोंडून शब्द निघून गेले.

"सोड, मी करतो ते. आजपासून हे खातं माझ्याकडे."

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या कपाळाला हात लावून ताप वगैरे आहे का ते पाहिलं. झारा मात्र तिनं आधीच माझ्या हातात दिलेला होता.

सुभेदार म्हणजे आमचा बोका. आमची मुलगी प्रांजली कॉलेजात असताना शिंदे की छावनीतल्या एका मैत्रिणीकडून त्याला पिशवीत घालून घेऊन आली. पुढे नोकरी लागून नोएडाला जाताना ती पिशवी घेऊन गेली आणि बोका ठेवून गेली. तिनं त्याचं नाव 'मफिन' ठेवलं होतं. शिंद्यांच्या या जुन्या राजधानीत, आमच्या जयेंद्रगंजात भर गल्लीत उभं राहून "मफिन, ए मफिन" अशी हाक मारणं सीमंतिनीला जमेना. तिनं त्याच्या मिशा पाहिल्या, पोट पाहिलं, इतर लोक कामं करत असताना डोळे अर्धे मिटून देखरेख करायची त्याची पद्धत पाहिली आणि त्याला सुभेदार करून टाकलं. मी सरकारी कचेरीत इतकी वर्षं घासतोय, मला एवढी बढती एकदम कुणी दिली नाही.

या सुभेदाराला बद्धकोष्ठाचा त्रास जुना. पोट अडणं, मग डॉक्टर, मग औषध, मग थोडे दिवस बरे, असं चालायचं. सीमंतिनी त्याला ओलं खाणं द्यायची, घरात तीन ठिकाणी पाण्याच्या वाट्या भरून ठेवायची, लाल भोपळा उकडून चमचाभर कालवायची. हे सगळं इतकं मुकाट्यानं चालायचं की मला वाटायचं, बोका आपोआपच चालतो.

आता सरकारी नोकराचा एक स्वभाव असतो. नवं खातं हाती आलं की तो आधी टेबलाची जागा बदलतो. काम काय आहे ते नंतर बघतो. मीही तेच केलं. जिन्याखाली अंधार, कोंदट हवा, डोक्यावर जिना. बिचाऱ्यानं बसायचं तरी कसं? मी ट्रे उचलला आणि समोरच्या गॅलरीत नेऊन ठेवला. छान ऊन, वारा, खाली रस्ता, समोर मुलांच्या शिकवणीचा वर्ग. बसल्या बसल्या चार माणसं दिसावीत, करमणूक व्हावी. माझी स्वतःची तशी सोय झाली असती तर मी पेपर घेऊन अर्धा दिवस तिथेच काढला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर ट्रे स्वच्छ. वाळूवर एक रेघ नाही. (शू तो न्हाणीघरात उरकत होता, हे नंतर कळलं.) मी खूश. त्याच्या पुढच्या दिवशीही तसाच स्वच्छ. मला वाटलं, चांगल्या जागेचा चांगला परिणाम होतोय, बोक्याला शिस्त लागतेय. रोज सकाळी पोहे खाताना मी ऐटीत सांगायचो, "ट्रे निरंक."

कचेरीत 'निरंक' लिहिलेला कागद सर्वांत उत्तम समजतात. काही घडलंच नाही, म्हणजे कुणाला काही विचारायला नको. सीमंतिनीला वाटलं मी ट्रे साफ करून मग निरंक म्हणतोय. मला वाटलं ती ऐकून खूश होतेय. असे आम्ही दोघं सुखात होतो.

मग एका संध्याकाळी मी घरी आलो आणि सुभेदार दारात आला नाही.

हे सांगताना मला अजूनही बरं वाटत नाही. प्रांजली गेल्यापासून मी कडी वाजवली की धावत येणारं घरात तेवढंच एक उरलं होतं. सीमंतिनीही येते, पण आधी "भाजी आणली का" असं विचारत येते. सुभेदार काही न विचारता येऊन माझ्या विजारीला अंग घासायचा. त्या दिवशी तो कपाटाखाली अंग चोरून बसला होता. समोरचं खाणं तसंच. मी हात लावला तर पोट घट्ट लागलं, आणि तो हळूच असं काही ओरडला की मी हात झटकन मागे घेतला.

"अहो, आज झाली होती ना त्याला?" सीमंतिनी पदराला हात पुसत आली.

"निरंक म्हणालो की सकाळी."

"निरंक म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही."

"आणि काल?"

"कालही निरंक. रविवारपासून सलग निरंक आहे," मी म्हणालो, आणि आपण काय बोललो ते माझं मलाच कळलं.

सीमंतिनी मटकन खाली बसली. "देवा रे! बोक्याला शी झाली नाही आणि तुम्ही मला रोज खुशखबर देऊन राहिले होते?"

पुढच्या दहा मिनिटांत ही बातमी नोएडापर्यंत पोचली. आमच्या घरात या विषयाची लाज कधीच नव्हती. माझे वडील सकाळी भेटणाऱ्या प्रत्येकाला नमस्काराच्या आधी "झाली का?" विचारायचे. पण प्रांजलीनं व्हिडिओ कॉलवर जी चौकशी सुरू केली ती वडिलांनाही झेपली नसती.

"बाबा, कॅमेरा पोटाजवळ न्या. अजून जवळ. हे तुमचं पोट आहे, बाबा, सुभेदारचं दाखवा! आई, तू कर ना यार, बाबा को कुछ समझ नहीं आता."

तेवढ्यात शेजारचे दौलतसिंह आले. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एकच भिंत, आणि तीही नावापुरती. इकडे फोडणी दिली की तिकडे शिंक येते. दौलतसिंहांचे पणजोबा इथल्या रिसाल्यात होते, त्यामुळे कुठल्याही प्रश्नाकडे ते घोड्यावर बसूनच बघतात. त्यांच्या हातात एरंडेलाची बाटली होती.

"मधुभाऊ, काही घाबरू नका. आमच्या घराण्याचा आजमाया हुआ उपाय आहे. घोड्याचं पोट अडलं की आमचे पणजोबा हेच द्यायचे. एका तासात मैदान साफ."

"घोड्याला किती द्यायचे?" मी विचारलं.

"लोटाभर."

आम्ही दोघांनी सुभेदाराकडे पाहिलं आणि मनातल्या मनात लोट्याचा हिशोब करू लागलो. सुभेदार कपाटाखाली आणखी आत सरकला. हिशोब पुरा व्हायच्या आत सीमंतिनीनं बाटली दौलतसिंहांच्या काखेत दिली, त्यांना दाराबाहेर काढलं आणि मला चपला घालायला सांगितलं.

पडावला डॉक्टर विक्रमसिंह यांचा जनावरांचा दवाखाना आहे. सुभेदाराची नेहमीची जाळीची पेटी प्रांजलीनं नोएडाला नेली होती. (त्यात ती हल्ली कांदे-बटाटे ठेवते.) म्हणून आम्ही त्याला झाकणाच्या वेताच्या टोपलीत बसवलं. ही टोपली आमच्या लग्नात रुखवताच्या लाडवांची होती. टोपली मांडीवर घेऊन मी ई-रिक्शात बसलो, शेजारी सीमंतिनी. समोरच्या सीटवर एक मिशीवाले काका, एक बाई आणि कॉलेजातली एक मुलगी.

टोपलीतून "म्यां" असा क्षीण आवाज आला.

"इसमें क्या है, भाईसाब?" काकांनी विचारलं.

"बिल्ला है."

"कहाँ ले जा रहे हो?"

मला खोटं बोलता येत नाही, आणि खरं बोलावं कुठे तेही कळत नाही. "डॉक्टर के पास. कब्ज़ है."

 काकांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. दिवसभराची कचेरी, वर ही काळजी, ओढलेलं तोंड. त्यांचा चेहरा हळूहळू दयेनं भरून आला.

"देखो भाईसाब," ते आवाज उतरवून म्हणाले, "इसमें शर्म की क्या बात है? सबको होता है. बिल्ली का नाम क्यों लेते हो बेचारी का?"

"नहीं नहीं, सचमुच बिल्ले को है."

"हाँ हाँ, बिल्ले को ही," बाईंनी समजूतदारपणे मान हलवली. "तो बिल्ले से कहना, रात को मुनक्का भिगोकर रखे. बीज निकालकर."

"और अंकल, बिल्ले से बोलिए, बाहर की कचौड़ी कम खाए," मुलगी म्हणाली आणि तिनं माझ्या पोटाकडे बघितलं.

मी मदतीसाठी सीमंतिनीकडे वळलो. ती बाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचत होती. खांदे मात्र हलत होते. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच हसत होती म्हणून मी पुढे काही बोललो नाही. पडाव येईपर्यंत बेलाचा मुरब्बा, कोमट पाणी आणि डाव्या कुशीवर झोपणं एवढे उपाय माझ्या पदरात पडले. उतरताना काकांनी माझा खांदा दाबला. "हो जाएगी, भाईसाब. हिम्मत रखो."

डॉक्टर विक्रमसिंह कमी बोलणारा माणूस. त्यांनी सुभेदाराचं पोट दोन बोटांनी चाचपलं, फोटो काढला, तो उजेडावर धरला आणि "हं" म्हणाले. डॉक्टरचं "हं" ऐकलं की मला घाम फुटतो.

"आतडं फुगलंय याचं. सगळं सुकून बसलंय. खाणं बदललं का?"

"नाही."

"पाणी पितो?"

"प्यायचा. चार दिवस कमीच."

"ट्रे कुठे असतो?"

हा माझ्या खात्यातला प्रश्न. मी पुढे सरसावलो. "आधी जिन्याखाली होता, अंधारात. मी समोरच्या गॅलरीत हलवला. हवेशीर आहे. रस्ता दिसतो, समोर मुलांचा वर्ग आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम्ही बसाल तिथे?"

मी टोपलीचं झाकण नीट करू लागलो. (मघाशी पेपरचं म्हणालो ते नुसतं म्हणायला. समोर ती पन्नास पोरं बसलेली डोळ्यांपुढे आली.) आधी सीमंतिनी माझ्याकडे वळली. टेबलावर सुभेदारानंही मान वळवली. तिघं मिळून माझ्याकडे बघत होते.

"मांजराला आडोसा लागतो, साहेब. जागा पसंत पडली नाही की ते धरून बसतात. याला आधीच जुना त्रास. आता ट्रे होता तिथे परत ठेवा." त्यांनी सुभेदाराच्या कातडीखाली सलाईन दिलं, सिरप लिहून दिलं आणि भोपळा चालू ठेवायला सांगितलं. "आणि घरी कुठली खटपट करायची नाही. तेल नाही, एनिमा नाही, कुणाच्या आजोबांचा उपाय नाही. कळलं?"

"कळलं. आणि नाही झाली तर?" सीमंतिनीनं विचारलं.

ते सुभेदाराच्या डोक्यावरून हात फिरवत थांबले. "उद्या संध्याकाळपर्यंत वाट पाहू. नाहीच झाली तर भूल देऊन काढावं लागेल. वय झालंय त्याचं, छातीही जरा कमजोर वाटते. भूल सोसेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही."

आम्ही रिक्शानं परत निघालो. टोपली मी छातीशी धरली होती. आतून त्याचा एक पंजा वेताच्या फटीतून बाहेर आला आणि माझ्या शर्टाच्या गुंडीवर टेकला. ज्यानं आपल्याला गॅलरीत बसवलं त्याच्यावरच असा विश्वास टाकायचा, याला काय म्हणावं! मला रडू आलं. मी खिडकीबाहेर बघितलं. ई-रिक्शाला खिडकी नसते हे तेव्हा लक्षात आलं नाही, त्यामुळे चौकातल्या हवालदारानं माझं रडणं सविस्तर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली. ट्रे पुन्हा जिन्याखाली गेला. सीमंतिनीनं स्नान करून देवघरातले सगळे देव तांब्याच्या घंगाळात पाण्यात घालून ठेवले आणि त्यांना स्पष्ट सांगितलं की सुभेदाराला झाल्याशिवाय कुणी बाहेर यायचं नाही. प्रांजलीच्या बारावीच्या निकालालाही ते एवढा वेळ पाण्यात नव्हते.

सकाळी सिरप दिलं. (म्हणजे अर्धं त्याला, अर्धं माझ्या बाहीला.) मग भोपळा दिला. मग सगळे वाट बघत बसलो. दर अर्ध्या तासानं प्रांजलीचा फोन. तिची ऑफिसात मीटिंग चालू होती आणि ती मीटिंगमधून मेसेज पाठवत होती. दौलतसिंहांच्या घरच्या राजलक्ष्मी वहिनी भाजी निवडायला आमच्याकडेच येऊन बसल्या. त्यांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं, सीमंतिनीनंही काहीतरी पुटपुटलं. काय ते विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. यायला हवं होतं.

दुपार उतरली. सुभेदार कपाटाखाली तसाच. डॉक्टरांना फोन लावायची वेळ जवळ येत चालली. मी जमिनीवर पालथा पडलो आणि कपाटाखाली तोंड घालून त्याच्याशी बोलू लागलो.

"सुभेदार, चुकलं माझं. जागा तुझी, पोट तुझं, मी मध्ये पडायला नको होतं. पण आता एवढं कर. एकदा कर. मग तुला वाटेल तिथे ट्रे ठेवीन. कचेरीत साहेबांच्या टेबलाखाली म्हणालास तरी ठेवीन."

त्यानं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि उठला. मी श्वास रोखला. तो कपाटाखालून निघाला, माझ्या पाठीवर पाय देऊन पलीकडे उतरला आणि सावकाश जिन्याकडे चालू लागला.

"कुणी हलू नका," सीमंतिनी कुजबुजली.

वहिनींच्या हातात मेथीची काडी तशीच राहिली. पंखा बंद केला. फोनवर प्रांजली होती, तिनं नोएडात स्वतःचा आवाज म्यूट केला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भाजीवाल्याचा भोंगा वाजला, "आलू ले लो, प्याज़ ले लो!" आम्ही सगळे गोठलो. पण बाहेर दौलतसिंह पहाऱ्यावर होते. त्यांनी पणजोबांच्या आवाजात एकच हाक दिली, "बंद कर! अंदर मरीज़ है!" आणि भोंगा गप्प झाला.

जिन्याखाली शांतता. मग वाळू उकरल्याचा आवाज. मग पुन्हा शांतता, आणि ही जरा लांबली. सीमंतिनीनं माझा हात धरला होता, तो इतका घट्ट की नखं रुतली. लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हाही तिनं माझी एवढी आतुरतेनं वाट पाहिली नसेल.

मग वाळू परत ओढल्याचा आवाज आला. खरर, खरर, खरर. सुभेदार जिन्याखालून बाहेर आला. शेपटी ताठ, मिशा वर. तो थेट स्वयंपाकघरात गेला आणि रिकाम्या ताटलीपुढे बसून ओरडला.

मी टॉर्च आणि झारा घेऊन जिन्याखाली वाकलो. डोकं जिन्याला आपटलं. लागलं नाही. म्हणजे लागलं, पण कळलं नाही. टॉर्चच्या उजेडात मी जे पाहिलं त्याचं वर्णन इथे करत नाही, पण माझ्या आयुष्यातल्या सुंदर दृश्यांत त्याचा नंबर बराच वर लागतो.

"झाली!" मी ओरडलो. "भरपूर झाली!"

सीमंतिनी रडायला लागली, वहिनी हसायला लागल्या, प्रांजली फोनमधून किंचाळली तेव्हा तिच्या मीटिंगमधल्या लोकांनी काय झालं म्हणून विचारलं आणि तिनं सांगितलंही. टाळ्यांचा आवाज मी स्वतः ऐकला. दौलतसिंह आत आले आणि त्यांनी मला मिठी मारली. मी तसाच झारा हातात घेऊन त्यांना बिलगलो. झाऱ्याचं नंतर आमच्या दोघांच्याही लक्षात आलं.

डॉक्टरांना फोन करून सांगितलं. ते "हं" म्हणाले, पण हे "हं" वेगळं होतं. मी धावत जाऊन पेढे आणले आणि गल्लीत वाटले. कशाबद्दल म्हणून लोक विचारत होते, मी खरं सांगत होतो आणि तरीही लोक पेढे घेत होते. इतका आनंद आमच्या घरात पुष्कळ दिवसांनी झाला होता.

संध्याकाळी सगळे बसलेले असताना सीमंतिनीनं देव पाण्यातून काढले, एकेकाला पुसून जागेवर ठेवलं, निरांजन लावलं. मी म्हणालो, "चल, आता एक फक्कड चहा होऊन जाऊ दे."

"चहा?" तिनं शांतपणे विचारलं. "तुमचा चहा बंद झाला."

"म्हणजे?"

"मी देवीला नवस बोलले होते. सुभेदारला झाली की तुम्ही वर्षभर चहा सोडाल."

"मी? नवस तू बोललीस ना?"

"हो, पण नवसाला आवडती वस्तू सोडावी लागते. मला कुठे चहा एवढा आवडतो? मी सोडला तर देवी म्हणेल, फसवून राहिली आहे."

यात कुठे चूक आहे ते मी शोधत होतो, तेवढ्यात राजलक्ष्मी वहिनींनी घसा साफ केला.

"भाऊजी, मी पण बोलले होते. तुमची कचोरी."

"वहिनी, तुम्ही तुमचं काहीतरी बोलायचं ना!"

"बोलणार होते. पण मग वाटलं, बोका तुमचा, ट्रे तुम्ही हलवला. मी माझं काही सोडलं तर देवी कशाला ऐकेल? डायरेक्ट तुमचंच बोलले, काम जल्दी झालं."

फोनवरून प्रांजली म्हणाली, "बाबा, सॉरी हं, मैंने भी बोल दिया था. तुम्ही रोज पहाटे किल्ल्याच्या चढावर वॉकला जाणार."

"मी उठवायला येईन," दौलतसिंह लगेच म्हणाले. "रोज. हे माझ्याकडून."

सुभेदार भोपळा संपवून माझ्या मांडीवर येऊन झोपला होता. त्याचं पोट मऊ लागत होतं, आत घुर्र घुर्र चाललं होतं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणालो, ठीक आहे. त्या क्षणी मी जेवणही सोडलं असतं.

तो क्षण गेला. पहाटे किल्ल्याचा चढ चढताना, कचेरीत शेजारच्या टेबलावर कपबशी वाजताना, तो बराच दूर गेल्यासारखा वाटायचा. तरी मी निभावलं. आणि सुभेदार तिकडे ठणठणीत. रोज सकाळी नियमित, जिन्याखाली, कुणाच्या मदतीवाचून.

मग गेल्या मंगळवारी साहेब दौऱ्यावर गेले. दुपारी कचेरीत कुणी नव्हतं. मी जरा पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडलो. पाय कुठे गेले त्याची जबाबदारी मी घेत नाही. संध्याकाळी तोंड धुऊन, बडीशेप खाऊन, शर्टावर पडलेलं काही झटकून मी घरी आलो. सीमंतिनी दारातच उभी होती. तिचा चेहरा पाहून माझे पाय तिथेच थांबले.

"आज सकाळपासून त्याला झाली नाही," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी काही बोललो नाही. तीही बोलली नाही. अशा शांततेत मी कधीच टिकलो नाही.

"अर्धाच प्यायलो," मी म्हणालो. "नाक्यावर. आलं घातलेला. अगं, खरंच अर्धाच, उरलेला तिथेच ठेवला. म्हणजे शेवटचे दोन घोट ठेवले. देवीला सांग, मी उद्यापासून... सुभेदारला काही होऊ देऊ नको म्हणावं, चूक माझी आहे, त्याचं काय त्यात!"

जिन्याखालून आवाज आला. खरर, खरर, खरर. सुभेदार शेपटी ताठ करून बाहेर आला, माझ्या विजारीला त्यानं अंग घासलं आणि निवांत स्वयंपाकघरात गेला. त्या दिवशी त्याला नुसता उशीर झाला होता.

सीमंतिनीनं त्याच्याकडे कौतुकानं बघितलं आणि मग माझ्या शर्टाकडे.

"आणि चहाबरोबर काय खाल्लंत?"

"कचोरी," मी अगदी हळू आवाजात म्हणालो.

"भाऊजी," भिंतीपलीकडून राजलक्ष्मी वहिनींचा आवाज आला, "मी ऐकलं हं!"